सागरतळाची वस्ती

बालाघाटाच्या डोंगरावर पडलेला पाऊस बिंदुसरेतून सिंदफणेत, सिंदफणेतून गोदावरीत आणि गोदावरीतून थेट पूर्वेच्या समुद्रात जातो. मांजरा आणि सीना या नद्यांचे पाणीही लांबचा फेर घेऊन अखेर त्याच समुद्राला मिळते. बीड जिल्ह्यातील पाणी असे न चुकता समुद्राला जाते. परंतु जिल्ह्यातील मुलांपैकी फार थोड्यांनी समुद्र पाहिलेला असतो. मालवणचा किनारा येथून सरळ रेषेत मोजला तरी सुमारे ४०० किलोमीटर दूर आहे. आपला पाण्याशी परिचय होतो तो विहिरीच्या काठावर. सोळाव्या शतकात बांधलेली बीडची खजाना विहीर तुमच्यापैकी काहींनी पाहिली असेल. ती नसेल, तर शेतातील विहीर पाहिली असेलच. कमरेला वाळलेला भोपळा किंवा पत्र्याचा डबा बांधून पोहायला शिकणे आणि मग एके दिवशी तो डबा सोडून देणे, हा आपल्याकडील मुलांच्या आयुष्यातील केवढा मोठा दिवस!

अशा विहिरीत ज्याने वडीलधाऱ्यांच्या देखरेखीखाली बुडी मारली आहे, त्याला एक अनुभव नक्की आला असेल. डोक्यावर दीड-दोन परस पाणी आले की कानात कळ येते. आणखी खाली जावे तो ती वाढतच जाते. पाणी तेच, विहीर तीच, मग खाली गेल्यावर कान का दुखावेत? समुद्राच्या तळाशी जाण्याची सारी विद्या या एका प्रश्नाच्या उत्तरात साठवलेली आहे. म्हणून मालवणच्या समुद्रात उतरण्यापूर्वी आपण आपल्या विहिरीतच थोडा वेळ थांबू.

आपल्या अंगावर हवेचा भार सदैव असतो. तो दर चौरस सेंटीमीटरला सुमारे एक किलो भरतो. आपल्या शरीरातील हवाही आतून तेवढ्याच जोराने दाबत असल्यामुळे हा भार आपल्याला जाणवत नाही. पाणी हवेपेक्षा कितीतरी जड असते. पाण्यात दहा मीटर खाली गेले, की नुसत्या त्या दहा मीटर पाण्याचा भार वरच्या साऱ्या वातावरणाच्या भाराइतका होतो. म्हणजे दहा मीटरांवर दाब दुप्पट, वीस मीटरांवर तिप्पट आणि तीस मीटरांवर चौपट. दाब वाढला की हवा आकसते. काठावर फुगवलेला फुगा दहा मीटर खाली नेला, तर तो निम्मा होईल. तीस मीटरांवर त्याचा चौथा हिस्साच उरेल. आपल्या कानाच्या पडद्यामागे हवेची एक लहानशी पोकळी आहे. बुडी मारल्यावर तीतील हवा अशीच आकसते, पडदा आत ओढला जातो आणि कळ उठते. पाणबुडे लोक यावर एक साधा उपाय करतात. नाक चिमटीत धरून, तोंड मिटून ते हलकेच हवा फुंकतात. ती घशामागील बारीक नळ्यांतून कानात जाते आणि आतला व बाहेरचा दाब सारखा होतो. हे पहिली कळ येण्यापूर्वीच करावयाचे असते, आणि थोडे थोडे खाली जाताना पुन्हा पुन्हा करावयाचे असते. पडसे झाले असेल तर त्या नळ्या बंद असतात. म्हणून पडसे झालेल्या माणसाला शहाणा शिक्षक पाण्यात उतरूच देत नाही.

कानाचे भागले, पण श्वासाचे काय? गोष्टींत आपण वाचतो की, पाठलाग चुकविण्यासाठी एखादा वीर वेळूची पोकळ नळी तोंडात धरून तळ्याच्या तळाशी तासन्‌तास दडून बसला. ही गोष्ट ऐकायला मोठी गोड आहे, परंतु ती खरी असणे शक्य नाही. हिशेब करून पाहा. एक मीटर खोलीवर पाण्याचा जादा भार दर चौरस सेंटीमीटरला १०० ग्रॅम होतो. छातीचा पुढचा भाग साधारण एक हजार चौरस सेंटीमीटर धरला, तर छातीवर १०० किलोचे, म्हणजे ज्वारीच्या भरलेल्या पोत्याचे ओझे पडले! नळीतून येणारी हवा मात्र वरच्या साध्या दाबाची. ते ओझे उचलून छाती फुगविणे पैलवानालाही जड जाईल. तेव्हा पाण्याखाली नुसती हवा मिळून उपयोग नाही; सभोवतालच्या पाण्याचा जेवढा दाब, तेवढ्याच दाबाची हवा मिळाली पाहिजे.

हे कोडे १९४३ साली फ्रान्समध्ये दोघांनी मिळून सोडविले. झाक-ईव्ह कुस्तो हा नौदलातील अधिकारी आणि एमिल गान्यां हा अभियंता. पाठीवरच्या नळकांड्यात हवा दाबून भरावयाची आणि तोंडाशी एक झडप बसवावयाची. पाणबुड्याने श्वास ओढला की ती उघडते, भोवतालच्या पाण्याइतक्या दाबाची हवा देते आणि श्वास थांबला की मिटते. तोपर्यंतचे पाणबुडे वरून नळीने हवा घेत, डोक्यावर तांब्याचे अवजड शिरस्त्राण चढवीत आणि शिशाच्या तळव्यांचे बूट घालून तळावर चालत. या झडपेमुळे माणूस पहिल्यांदा माशासारखा मोकळा झाला. या साधनाला आज सारे जग स्कूबा म्हणते. पुष्कळांची अशी समजूत असते की, पाठीवरच्या नळकांड्यात प्राणवायू असतो. तसे नाही, त्यात आपण घेतो तीच साधी हवा असते. निव्वळ प्राणवायू दाबाखाली घेतला तर तो विषासारखा बाधतो.

हवा किती वेळ पुरते, याचे गणितही तुम्हांला जमण्यासारखे आहे. बारा लिटरांच्या नळकांड्यात हवा दोनशे पट दाबून भरतात. म्हणजे एकूण २४०० लिटर हवा झाली. माणसाला मिनिटास वीस लिटर लागते असे धरले, तर पृष्ठभागावर ती दोन तास पुरेल. दहा मीटरांवर प्रत्येक श्वासात दुप्पट हवा जाते. तेथे ती एक तास पुरेल. तीस मीटरांवर अर्धाच तास. शिवाय परतीसाठी काही हवा राखून ठेवावी लागते. घाबरलेला माणूस धापा टाकतो आणि त्याची हवा लवकर सरते. शांत माणसाला तीच हवा अधिक काळ पुरते.

पाण्याखालील पहिला नियम असा की, श्वास कधीही रोखून धरावयाचा नाही. विहिरीत बुडी मारताना आपण नेमके उलट करतो, आणि त्याने काही बिघडत नाही. कारण आपण काठावर घेतलेली हवा खाली आकसते व वर आल्यावर पूर्ववत होते. स्कूबाचा पाणबुडा मात्र खालीच दाबाची हवा घेत असतो. दहा मीटरांवर छाती भरून घेतली आणि श्वास रोखून तो वर आला, तर ती हवा दुप्पट फुगेल आणि फुप्फुस फाटेल. हा धोका अगदी उथळ पाण्यातही असतो. दुसरा नियम सावकाश वर येण्याचा. सोड्याची बाटली एकदम उघडली की बुडबुडे कसे फसफसून वर येतात! दाबाखाली श्वासातील नत्रवायू पाणबुड्याच्या रक्तात असाच विरघळलेला असतो. तो घाईने वर आला, तर रक्तात आणि सांध्यांत बुडबुडे धरतात. त्यामुळे असह्य वेदना होतात, अंग लुळे पडते, प्रसंगी प्राणही जातो. म्हणून मिनिटाला नऊ मीटरांहून अधिक वेगाने वर यावयाचे नाही, आणि पाच मीटरांवर तीन मिनिटे थांबावयाचे. बीडच्या माणसाने आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. पाण्यातून निघाल्याबरोबर गाडीत बसून आंबोलीसारखा उंच घाट चढू नये. उंचावर हवेचा दाब कमी असतो आणि रक्तातील नत्र तेथेही फसफसू शकतो. एक दिवस किनाऱ्यावर राहावे, मग खुशाल घरची वाट धरावी.

एवढी सामग्री घेऊन आता मालवणला जाऊ. समोर कुरटे नावाच्या खडकाळ बेटावर शिवछत्रपतींनी बांधलेला सिंधुदुर्ग उभा आहे. त्याच्या बांधकामास १६६४ साली आरंभ झाला. चहूंकडे खारा समुद्र असूनही किल्ल्यात दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव अशा तीन गोड्या पाण्याच्या विहिरी आहेत. त्या पाहून विहिरीच्या मुलखातून आलेल्या पाहुण्याला विशेष आनंद होतो. किल्ल्याभोवतीचे खडक आणि त्यांवरील पाणी मिळून २९.१२ चौरस किलोमीटरांचे सागरी अभयारण्य शासनाने १९८७ साली जाहीर केले. जवळच तारकर्ली येथे महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाची पाणबुडेगिरी शिकविणारी संस्था आहे. किल्ल्यालगत अनुभवी पाणबुड्याचा हात धरून नवखी माणसे पाच-दहा मीटर खाली उतरतात.

पाण्यात डोके गेले की प्रथम रंग बदलतात. पाणी सूर्यप्रकाशातील तांबडा रंग सर्वांत आधी गिळून टाकते, मागून नारिंगी व पिवळा जातो. दहा मीटरांवर बोट कापले तर रक्त लाल न दिसता हिरवट-काळे दिसते. डोळ्यांवरच्या काचेमुळे मासे असतात त्यापेक्षा जवळ आणि मोठे भासतात. मालवणी माणसाने सांगितलेल्या माशाच्या लांबीतून थोडी वजावट करावी लागते, ती केवळ त्याच्या उत्साहामुळे नव्हे. आवाज पाण्यात हवेच्या चौपटीहून अधिक वेगाने धावतो; त्यामुळे होडीच्या यंत्राचा घरघराट ऐकू येतो, पण तो कोणत्या बाजूने येतो हे उमगत नाही. बोलणे तर शक्यच नाही. सारा व्यवहार हाताच्या खुणांनी चालतो. अंगठा व तर्जनी यांचे वर्तुळ केले म्हणजे ‘मी ठीक आहे’. आपण शाबासकीसाठी अंगठा वर करतो. तेथे अंगठा वर केला, की त्याचा अर्थ ‘मला वर जावयाचे आहे’ असा होतो. आनंदाच्या भरात अंगठा दाखविणाऱ्या कित्येक नवख्यांना शिक्षक मुकाट्याने वर घेऊन येतात!

समुद्राचा तळ सगळीकडे सारखा वसलेला असेल, अशी आपली कल्पना असते. पण पुष्कळ ठिकाणी तो वाळूचा आणि गाळाचा असतो. मैलोगणती सपाट, उघडा, एखाद्या वाळवंटासारखा. वाळूत काही जीव राहत नाहीत असे नाही. खेकडे आहेत, शिंपले आहेत, अंग पुरून बसलेले चपटे मासे आहेत. परंतु दाट वस्ती तेथे होत नाही. कारण सरकत्या वाळूवर कोणाला पाय रोवता येत नाही. समुद्रातील कित्येक जीवांचे बालपण पाण्यात वाहत जाण्यात जाते. डोळ्यांना दिसणारही नाहीत अशी शिंपल्यांची, प्रवाळांची, कालवांची पिल्ले प्रवाहाबरोबर भटकत असतात आणि चिकटण्यासाठी एक टणक जागा शोधत असतात. ती मिळाली तर जगणार, न मिळाली तर मरणार. म्हणूनच एखादा खडक लागला की देखावा पालटतो. वाळूच्या उजाड पसाऱ्यात एकाएकी एखादे गजबजलेले बाजाराचे गाव लागावे, तसे होते. खडकावर शेवाळ, शेवाळावर चरणारे मासे, कपारींत खेकडे व शेवंडे, त्यांच्या वासावर आलेले तांबोशी आणि हेकरू. प्रवाळांची बेटे, जलवनस्पतींची अरण्ये आणि बुडालेली जहाजे ही वरवर अगदी निराळी दिसतात. पण तिन्ही ठिकाणी जीवांची दाटी होते ती याच एका कारणाने.

प्रवाळ, म्हणजे आपण ज्याला पोवळे म्हणतो त्याचे कुळ, हे दगड नव्हे आणि झाडही नव्हे. तो प्राण्यांचा समुदाय आहे. तांदळाच्या दाण्याएवढा किंवा त्याहून लहानमोठा, मऊ पिशवीसारखा हा प्राणी आपल्याखाली चुन्याची बैठक रचतो. त्याच्या अंगात सूक्ष्म शैवाल राहते. शैवाल सूर्यप्रकाशावर अन्न तयार करून घरमालकास देते आणि मालक त्याला आसरा देतो. असे हजारो प्राणी शेजारी शेजारी घरे बांधतात आणि पिढ्यान्‌पिढ्या त्यांचा घुमट किंवा पंखा वाढत जातो. पण किती हळू! घुमटाकार प्रवाळ वर्षाला जेमतेम एक सेंटीमीटर वाढतो. हातभर उंचीचा घुमट दिसला, तर तो तुमच्या वडिलांच्या वयाचा समजावा.

मालवणचे प्रवाळ फार मोठे नाहीत. पावसाळ्यात नद्यांचा गाळ येतो आणि पाणी गढूळ होते. प्रवाळाला स्वच्छ पाणी व ऊन लागते. येथे मात्र ते मोठ्या चिकाटीने तग धरून आहेत. पाणी नेहमीच्या उन्हाळी तापमानापेक्षा अंश-दोन अंशांनी अधिक तापले आणि काही आठवडे तसेच राहिले, तर प्रवाळ आपल्या अंगातील शैवाल बाहेर टाकतो व पांढराफटक पडतो. पाणी लवकर निवले तर तो सावरतो. न निवले तर उपासमारीने मरतो. १९९८, २०१० आणि २०१६ साली, आणि पुन्हा २०२३ पासून, जगभर अनेक समुद्रांत असे घडले. खरी विस्तीर्ण प्रवाळभूमी पाहावयाची तर विजयदुर्गाच्या किनाऱ्यापासून शंभराहून अधिक किलोमीटर आत जावे लागते. तेथे समुद्रात बुडालेले एक पठार आहे. सुमारे चाळीस किलोमीटर लांब आणि पंधरा किलोमीटर रुंद. कान्होजी आंग्रे यांच्या नावावरून त्याला आंग्रिया बँक म्हणतात. त्याचा माथाही पाण्याखाली वीस मीटर आहे. किनाऱ्यापासून इतके दूर असल्यामुळे नद्यांचा गाळ तेथे पोचत नाही आणि पाणी काचेसारखे नितळ राहते. मात्र वीस मीटर म्हणजे तिप्पट दाब, हे तुम्हांला आता ठाऊक आहेच. तो प्रदेश नवशिक्यांचा नव्हे.

समुद्रातील अरण्ये आपल्या किनाऱ्यावर नाहीत. केल्प नावाची प्रचंड जलवनस्पती थंड पाण्यात वाढते. कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्याला, दक्षिण आफ्रिकेच्या टोकाला तिची वने आहेत. तिचा राक्षसी प्रकार दिवसाला अर्धा मीटर वाढतो आणि चाळीस मीटरांहून उंच होतो. तिला मुळे नसतात. मुळांसारख्या दिसणाऱ्या पंजाने ती खडकाला घट्ट धरून असते. म्हणजे येथेही पुन्हा खडकच! आपल्याकडे मालवणच्या खडकांवर पावसाळ्यानंतर सरगॅसम नावाचे तपकिरी शैवाल माजते. ते पुरुषभरही उंच नसते, तथापि पिल्लांना लपण्यास पुरेसे असते. केल्पच्या वनांची एक हकीकत सांगण्याजोगी आहे. उत्तर पॅसिफिकच्या किनाऱ्यावर सागरी पाणमांजरे राहत. त्यांची लव फार मऊ. तिच्यासाठी व्यापाऱ्यांनी त्यांची इतकी कत्तल केली की १९११ साली तिला बंदी घालण्याचा करार झाला, तेव्हा ती जवळजवळ नामशेष झाली होती. ही पाणमांजरे सागरी साळिंदर नावाचा काटेरी प्राणी खात. खाणारे गेले, तसे साळिंदर बेसुमार वाढले. त्यांनी केल्पचे बुंधे कुरतडले आणि कित्येक ठिकाणी अख्खी वने वाहून गेली. पुढे जेथे पाणमांजरे परतली, तेथे वनेही पुन्हा उभी राहिली.

आता बुडालेल्या जहाजांकडे वळू. मुलांना हाच भाग अधिक आवडतो. जहाज बुडाले म्हणजे माणसाच्या दृष्टीने सारे संपते. परंतु समुद्राच्या दृष्टीने वाळवंटात एक नवा खडक येऊन पडतो. पहिल्या काही दिवसांतच त्यावर डोळ्यांना न दिसणाऱ्या जीवांचा बुळबुळीत थर धरतो. त्यावर शैवाल येते, मग खडकाला चिकटणारे शंखधारी जीव, कालवे आणि स्पंज. लहान मासे आसऱ्याला येतात, त्यांच्यामागे मोठे. काही वर्षांत लोखंडाची पट्टी दिसेनाशी होते. लाकडी गलबताची गत मात्र निराळी होते. लाकूड पोखरणारा एक समुद्री जीव, वाळवीने घर खावे तसे, ते खाऊन टाकतो. मागे उरतात तोफा, नांगर, मडकी आणि दगड. गोव्यातील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या पाणबुड्या संशोधकांना सुंची नावाच्या खडकावर अशाच एका जहाजाच्या खुणा सापडल्या. तोफा, हस्तिदंत, पाणघोड्याचे दात आणि चिनी मातीच्या भांड्यांचे तुकडे तेथे मिळाले. हे जहाज सतराव्या शतकातील पोर्तुगीज व्यापाराचे असावे, असे त्यांचे अनुमान आहे. जवळच दुसऱ्या एका खडकावर भाजलेल्या मातीची कौले व इमारतीचे सामान निघाले. त्यावर बासेल मिशनच्या कारखान्याचे नाव आणि १८६५ हे साल स्पष्ट उमटलेले होते. कोणाच्या तरी घरावर चढावयाची ती कौले माशांच्या घरावर चढली! संशोधक अशा जागी प्रत्येक वस्तू कोठे पडली आहे हे आधी मोजून, रेखाटून ठेवतात. जागेवरून उचललेल्या मडक्याने अर्धी हकीकत सांगणे थांबविलेले असते. हौशी पाणबुड्याने तेथून खापराचा तुकडाही खिशात घालू नये, तो याचसाठी.

बुडालेल्या जहाजावर वस्ती होते, हे पाहून माणसाने मुद्दाम जहाजे बुडविण्यास सुरुवात केली. भारतीय नौदलाची ‘गुलदार’ ही युद्धनौका पोलंडमध्ये बांधली होती आणि १९८५ साली ती नौदलात दाखल झाली. किनाऱ्यावर रणगाडे व सैनिक उतरविणे हे तिचे काम. सुमारे ८३ मीटर लांबीची ही नौका जानेवारी २०२४ मध्ये निवृत्त झाली. सिंधुदुर्ग जिल्ह्यातील निवतीच्या खडकांजवळ ती समुद्रतळावर ठेवावी, तिच्यावर कृत्रिम प्रवाळभूमी व्हावी आणि पाणबुड्यांना ती पाहता यावी, या योजनेसाठी २०२५ साली ती महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाच्या स्वाधीन करण्यात आली. जहाज बुडविणे म्हणजे तळाला भोक पाडणे नव्हे. आधी त्यातील तेल, विषारी रंग, तारा, काचा सारे काढावे लागते. आत शिरलेला माणूस अडकू नये म्हणून दारे काढून बाहेरच्या वाटा मोकळ्या कराव्या लागतात. वाटेल ती वस्तू टाकली की तिचा खडक होतो, असेही नाही. अमेरिकेत फ्लोरिडाच्या किनाऱ्यावर १९७२ च्या सुमारास लाखो जुने टायर एकत्र बांधून समुद्रात टाकले होते. हेतू चांगला होता. परंतु बांधलेल्या दोऱ्या-पट्ट्या तुटल्या, टायर वादळांत लोळू लागले आणि शेजारच्या खऱ्या प्रवाळांवर आपटून त्यांनी ते मोडले. पुढे ते बाहेर काढण्यात वर्षानुवर्षे गेली.

‘गुलदार’सारख्या नौकेचा मला दिसणारा मोठा उपयोग निराळाच आहे. मालवणचे खडक थोडे आणि ते पाहू इच्छिणारे लोक पुष्कळ. नवखा माणूस पाण्यात तोल सांभाळू शकत नाही. तो घाबरून जवळचा प्रवाळ धरतो किंवा त्यावर पाय ठेवतो. एका पावलाखाली तीस वर्षांची वाढ चुरडते. होडीचा नांगर टाकताना आणि ओढतानाही हेच होते. प्रवाळांना १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचे संरक्षण आहे, पण पाण्याखाली पहारेकरी कोठून आणणार? लोखंडी नौकेवर शंभर पावले पडली तरी तिचे फारसे बिघडत नाही. नांगराऐवजी होडी बांधण्यासाठी कायमचे तरंगते पिंप ठेवणे हाही एक चांगला उपाय आहे. पाणबुड्याने तोल शिकावा हे तर हवेच. कमरेला शिशाचे वजन आणि अंगात हवा भरता येईल असे जाकीट, यांचा मेळ असा साधावयाचा की शरीर वरही जाऊ नये आणि खालीही जाऊ नये. मग नुसता श्वास घेतला की माणूस किंचित वर उचलला जातो, सोडला की खाली येतो. ज्याला हे साधले त्याचा हात किंवा पाय कशालाही लागत नाही.

अभयारण्य झाले तेव्हा तेथील मच्छीमारांनी त्यास विरोध केला होता. त्यांचे गाऱ्हाणे समजून घेतले पाहिजे. ज्या पाण्यावर पिढ्यान्‌पिढ्या पोट भरले, तेथेच बंदी आली तर मुलाबाळांनी काय खावे? आपल्या शेतातील विहिरीवर कोणी उद्या पाटी लावली, तर आपणही तेच विचारू. पुढे त्याच घरांतील काही तरुण पाणबुडे झाले. पाण्यातील कोणता खडक कोठे आहे, तेथे किती वाव पाणी आहे, भरतीचा ओढ कोणत्या घटकेस फिरतो, हे त्यांना कोणी पुस्तकातून शिकविलेले नव्हते. आजोबांबरोबर रांपण ओढताना ते त्यांना कळलेले होते. आपण विहीर परसांनी मोजतो, ते समुद्र वावांनी मोजतात. आज पाहुण्याचा हात धरून खाली नेणारा मनुष्य पुष्कळदा असा एखादा मच्छीमाराचा मुलगा असतो.

हे काम ऑक्टोबरपासून मे महिन्यापर्यंत चालते. मृगाची चाहूल लागली की दर्या खवळतो, होड्या किनाऱ्यावर ओढून झापांनी शाकारून ठेवतात, नळकांडी धुऊन कोठारात जातात. बालाघाटावर पेरणीची घाई सुरू होते, तेव्हा मालवणच्या खडकांवर गढूळ पाण्याचा पडदा पडलेला असतो आणि सरगॅसमचे नवे कोंब त्या अंधुक उजेडात खडकाला पंजे रोवीत असतात.